दाढी पलीकडच्या खुर्चीवर

सलूनमध्ये खुर्च्या दोन, आरसा एक, आणि त्या आरशाला मधोमध तडा. तड्याच्या अलीकडची खुर्ची मालकाची, पलीकडची त्याच्या मेहुण्याची. केस कापायचे तर दोघांपैकी कुणाकडेही बसा. पण दाढी म्हटलं की मालक हातातला फवारा थांबवून म्हणणार, "दाढी पलीकडच्या खुर्चीवर." मेहुणा कामात अडकलेला असला तर बाकावर बसा, पेपर वाचा, जुनाच आहे. फारच घाई असेल तर घरी जाऊन स्वतःची स्वतः करा. इतक्या वर्षांत मालकाच्या हातात वस्तरा कुणी पाहिला नव्हता, म्हणून गल्लीने त्याचं नाव ठेवलं होतं कात्रीकाका.

नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, काका कलाकार माणूस, दाढीसारखं किरकोळ काम करत नाही. काकाही तो गैरसमज गोंजारत बसायचा. खरी गोष्ट मेहुण्याला ठाऊक होती, आणि मेहुण्याला ठाऊक असलेली गोष्ट गावभर व्हायला वेळ तो कितीसा लागणार! काकाला रक्त बघवत नव्हतं. बघवत नव्हतं म्हणजे तोंड फिरवून भागण्यातलं नव्हे. थेंब दिसला की कानात शिट्टी वाजायची, तळव्यांना घाम फुटायचा, डोळ्यांपुढे अंधारी यायची आणि हा एवढा आडदांड माणूस पोतं घसरावं तसा खाली बसायचा.

सुरुवात वडिलांच्या दुकानात झाली. तो तेव्हा हाताखाली शिकत होता. एका गिऱ्हाइकाच्या कानामागे वस्तरा जरासा लागला. खरं तर तुरटी फिरवली असती की विषय संपला असता. पण पांढऱ्या फेसातून ती लाल रेघ खाली उतरताना त्याने पाहिली आणि तो बेसिनच्या कडेवर कपाळ आपटून पडला. शेवटी गिऱ्हाईकच तोंडाच्या फेसासकट उठलं आणि त्याने ह्याच्या तोंडावर पाणी मारलं. वडील म्हणाले, "ज्याला लागलं तो उभा, आणि लावणारा आडवा! आमच्याकडे सगळं उलटंच." दुकानभर हशा पिकला. लोक हसून विसरले. तो विसरला नाही. त्या दिवशी त्याने वस्तरा खाली ठेवला तो ठेवलाच.

घरात तर ह्या भीतीची बडदास्त अशी होती की पाहुण्यांनीही हेवा करावा. भाजी चिरताना बायकोचं बोट कापलं तर ती आधी बोट फडक्यात लपवायची, मग काकाला कोपऱ्यावरच्या दुकानात काहीबाही आणायला पिटाळायची, आणि तो जिना उतरला की नळाखाली हात धरायची. मुलगी गुडघा फोडून आली तर मागच्या दाराने आईकडे जायची. हिच्या जन्माच्या वेळी तर काकाने कमालच केली होती. बाळ बघायला म्हणून दवाखान्यात गेला, कॉरिडॉरमध्ये स्पिरिटचा वास आला, समोरून कुणाची तरी सलाइनची बाटली गेली, आणि हा गडी कोसळला. लोकांनी उचलून त्याला खाटेवर घातलं. बाळंतीण उठून भिंतीला धरत धरत नवऱ्याला बघायला आली. ही गोष्ट पाहुण्यांत पुढे कितीतरी वर्षं सांगितली जायची. सगळे पोट धरून हसायचे, बायकोही हसायची, आणि काका खाली मान घालून चहा ढवळत राहायचा.

बायकोला साखरेचा आजार जडला तेव्हाही घराने हीच रीत पाळली. सकाळी खाण्याआधी बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर घ्यायचा, छोट्या मशीनवर आकडा बघायचा आणि त्या हिशेबाने पोटात इन्सुलिन टोचायचं. संध्याकाळी पुन्हा तेच. हे सगळं ती न्हाणीघराचं दार लावून करायची. काका बाहेरून विचारायचा, "झालं का गं?" ती आतून म्हणायची, "झालं. या." संसार असा दाराच्या अलीकडून आणि पलीकडून चालला होता, आणि तसा बरा चालला होता.

मग तिच्या डोळ्यांनी दगा दिला. माणसं दिसायची, भांडी दिसायची, पण सिरिंजवरच्या बारीक रेघा दिसेनाशा झाल्या. कुणाला न सांगता ती अंदाजाने औषध ओढत राहिली. एके दिवशी ते जास्त गेलं. दुपारी मुलगी घरी आली तेव्हा आई स्वयंपाकघरात घामाने निथळत जमिनीवर बसली होती आणि मुलीलाच विचारत होती, "कोण हवंय तुम्हाला?" मुलीने साखरेचं पाणी पाजलं म्हणून निभावलं. त्या दिवसापासून टोचण्याचं काम मुलीकडे आलं.

मुलगी कानाने ऐकू न येणाऱ्या मुलांना शिकवायचं शिक्षण घेतलेली. अशाच मुलांच्या एका निवासी शाळेने तिला नोकरी देऊ केली होती. शाळा लांब, दुसऱ्या गावी, राहायचं तिथेच. निवड झाली त्या दिवशी ती घरभर नाचली होती. आता मात्र त्या नोकरीचं नावही काढत नव्हती. एकदा काका गॅलरीत मोजे वाळत घालत असताना आत ती फोनवर बोलताना त्याच्या कानावर आलं, "हो, यायचंय मला, पण घरी थोडी अडचण आहे. शाळा उघडायच्या आत नक्की कळवते."

काका मोजा हातात धरून तसाच उभा राहिला. घरात अडचण एकच होती, आणि ती मोजा धरून गॅलरीत उभी होती. त्याला स्वतःची इतकी लाज पूर्वी कधी वाटली नव्हती.

उपाय शोधून झाले नव्हते असं नाही. गल्लीच्या तोंडाशी राहणारी नर्स यायला तयार झाली, पण ती यायची तिच्या सवडीने, आणि बायकोची भूक काही नर्सच्या सवडीवर थांबत नव्हती. आठवडाभरात ते गाडं अडलं. मेहुणा गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. तो म्हणाला, "दाजी, ताईसाठी मी कधीही येईन." पण दुकान उघडायलाच ज्याला उशीर होतो, तो रोज सकाळी त्याहून लवकर कसा येणार हे दोघांनाही कळत होतं.

बायकोच्या डोळ्यांच्या तपासणीला तिला मोठ्या इस्पितळात न्यायचं होतं. मुलगी कामात होती म्हणून काका गेला, आणि रक्त घ्यायच्या खिडकीसमोर नळ्यांचा ट्रे बघून रांगेतच आडवा झाला. तिथल्या नर्सला अशी माणसं नवी नव्हती. त्याला पाणी देत ती म्हणाली, "सगळ्यात वरच्या मजल्यावर टोकाच्या खोलीत एक मॅडम बसतात, भीतीचं बघतात. आता आलाच आहात तर जाऊन या." काका गेला. तो शूर झाला होता म्हणून नव्हे. भीतीचाही माणसाला एक दिवस कंटाळा येतो, म्हणून.

ती खोली मुळात चादरी ठेवायची असावी. एका भिंतीला अजून चादरींचे गठ्ठे होते, पंखा फिरताना टकटक करायचा आणि खिडकीची काच कागद चिकटवून सांधलेली होती. मॅडम पन्नाशीच्या, डोळ्यांखाली काळं, चपला काढून पाय टेबलाखाली मोकळे सोडून बसलेल्या. त्यांनी काकाचं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा जांभई आली तीही लपवली नाही.

"घरात आणखी कुणाला आहे असं?"

"आत्याला होतं. शेजारच्या पोराचा घोळणा फुटला तर ही अंगणात पडली होती."

"असतं तसं. घराण्यात उतरतं. मग चक्कर येतेय असं वाटलं की तुम्ही काय करता?"

"अंग सैल सोडतो, मॅडम. लांब श्वास घेतो. सगळे तेच सांगतात. मी स्वतः गिऱ्हाइकांना तेच सांगतो, मान सैल सोडा म्हणून."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "तिथेच चुकतंय, काका. कुत्र्याला भिणारा, लिफ्टला भिणारा, त्यांची छाती धडधडते, पण ते सहसा पडत नाहीत. त्यांनी सैल सोडलं तर चालतं. तुमची जात वेगळी. तुमचं बीपी आधी वर चढतं आणि मग एकदम खाली येतं. डोक्याला रक्त पुरत नाही, म्हणून पडता. आणि नेमकं त्याच वेळी तुम्ही आणखी सैल सोडता! गाडी उताराला लागलेली आणि तुम्ही ब्रेकवरचा पाय काढून घेतलेला. तुम्ही सैल नाही सोडायचं. घट्ट व्हायचं."

त्यांनी स्वतः करून दाखवलं. दंड, पोट, मांड्या, सगळं आवळायचं, चेहऱ्याला ऊब जाणवेपर्यंत धरायचं, मग नेहमीसारखं बसायचं, पुन्हा आवळायचं. सैल पडायचं नाही. काका जन्मभर ऐकत आला होता त्याच्या हे बरोब्बर उलट होतं. दुधाने तोंड पोळलेल्या माणसासारखा तो बघत राहिला, पण करत गेला.

सराव दुकानात करायचा होता. कात्री चालवता चालवता काका मध्येच थांबायचा, जबडा आवळून, पोट आत ओढून, लालबुंद होऊन उभा राहायचा. आरशात ते बघून गिऱ्हाईक खुर्चीत सावरून बसायचं. "काका, बरं आहे ना?" मेहुणा पलीकडून म्हणायचा, "दाजी, फार नका धरून ठेवू, जाऊन या एकदा." काका डोळ्यांनी त्याची बिनपाण्याने करायचा आणि पुन्हा कात्री उचलायचा.

मग खरी पायरी सुरू झाली. मॅडम म्हणाल्या, "भीतीला पळवून लावायचं नाही. तिला कंटाळा आणायचा. तुम्ही जितके पळालात तितकी ती ताजी राहिली. आता तिच्यासमोर बसायचं आणि उठायचं नाही, ती दमेपर्यंत." सुरुवात साध्या चित्राने झाली, बोटावर एक लाल ठिपका. मग फोटो. मग टेबलावर नुसती सिरिंज ठेवलेली, तिच्याकडे बघत गप्पा मारायच्या. मग कुणाच्या तरी हातातून रक्त काढतानाची फिल्म. तीच फिल्म, पुन्हा तीच, पुन्हा तीच. भीतीचा आकडा शंभरापैकी किती ते मॅडम विचारायच्या आणि काका सांगायचा. फिल्म चालू असताना एकदा तो खुर्चीवरून घसरलाच. शुद्धीवर आला तेव्हा मॅडम शेजारी जमिनीवर बसल्या होत्या, त्याचे पाय चादरींच्या गठ्ठ्यावर ठेवलेले. "आलात?" त्या म्हणाल्या. "थोडं पडून राहा. मग परत लावते." त्यांच्या आवाजात ना काळजी होती ना कौतुक. का कोण जाणे, काकाला त्यामुळेच धीर आला. इतकी वर्षं त्याच्या पडण्याचा एक तर तमाशा झाला होता, नाही तर लपवाछपवी. हे कुणीतरी पहिल्यांदाच एक काम म्हणून बघत होतं.

काकाच्या खिशात कोलनवॉटर शिंपडलेला रुमाल असायचा. फिल्मवर सुई आली की तो नाकाशी धरायचा. मॅडमनी तो मागून घेतला.

"ही कुबडी आहे. ही असेपर्यंत तुम्हाला वाटणार, हिच्यामुळेच वाचलो."

"पण मॅडम, नुसता वास घेतो."

"तुम्ही वास घेता आणि सुई बघायचं टाळता. मला काय दिसत नाही?"

पुढे काकाने त्याच खोलीत स्वतःच्या बोटाला स्वतः टोचलं. मोहरीएवढा थेंब आला. कान वाजले, घाम आला, त्याने अंग आवळलं, पुन्हा आवळलं, आणि थेंब बोटावरच वाळला. काही वेळाने त्याला खरोखरच कंटाळा आला. मग संत्र्यात पाणी टोचायचं शिकणं झालं. हात कारागिराचा, तो लगेच बसला. मॅडम म्हणाल्या, "आता घरी करा."

इथे सगळं मुसळ केरात गेलं.

घरी सकाळी बायको स्टुलावर बसली, मुलगी बाजूला उभी राहिली. काकाने हात धुतले, बायकोचं बोट धरलं. बायकोचं बोट म्हणजे काही फिल्म नव्हे. त्याचा चेहरा उतरायला लागला, त्याने दंड आवळले, आणि एवढ्यात बायकोने दुसऱ्या हाताने त्याच्याकडून सुई काढून घेतली. "राहू द्या हो. राहू द्या. पांढरे पडलात. बसा आधी. श्वास घ्या. सैल सोडा, सैल सोडा अंग." इतक्या वर्षांच्या सवयीचा आवाज तो. काका बसला, त्याने सैल सोडलं, आणि तो सरळ भिंतीवरून खाली घसरला. मुलीने आईला तसंच ठेवून बापाला सावरलं. मग आईला टोचलं, आकडा पाहिला, औषध दिलं, आणि बापाच्या शर्टावरचा चुना झटकत म्हणाली, "असू दे, बाबा. मी कुठे जातेय?"

तिने हे अगदी मायेने म्हटलं. बेसिनची कड लागली नव्हती तेवढं हे वाक्य त्याला लागलं. त्या दिवशी दुकानात त्याने एका गिऱ्हाइकाचे केस मागून तिरके कापले आणि ते मेहुण्याला सावरून घ्यावे लागले.

मॅडमनी सगळं ऐकून एकच विचारलं. "सैल सोडा कोण म्हणालं?"

"बायको."

"त्यांना घेऊन या."

बायको आली. जिना चढून दमली होती. दुसरी खुर्ची नव्हती म्हणून चादरींच्या गठ्ठ्यावर बसली. मॅडमनी तिला सैल आणि घट्टचा फरक समजावला. मग म्हणाल्या, "तुम्ही त्यांना वाचवायचं थांबवा."

बायकोला ते झोंबलं. "म्हणजे आता माझीच चूक का? लग्न झाल्यापासून ह्यांना सांभाळतेय मी. कुणी सांगितलं नाही तेव्हा, की सांभाळू नका. ज्याचं जळतं त्याला कळतं, मॅडम. माणूस डोळ्यांदेखत कोसळतो, मी काय बघत बसू?"

"चूक नाही म्हणत मी. दमला असाल, एवढंच म्हणतेय."

बायकोने डोळे मिटले, उघडले. "दमलेय," ती म्हणाली. "खूप दमलेय."

काका तिच्याकडे बघत होता. हा शब्द तिच्या तोंडून त्याने ऐकलाच नव्हता. घरात दमायचा मान आजवर त्याचा होता.

"मग पडू द्या त्यांना," मॅडम म्हणाल्या. "खाली गादी घाला, त्यांना गादीवरच बसवा, म्हणजे पडले तरी लागणार नाही. पडले तर उठतील. उठले की तुमचा हात पुन्हा त्यांच्या हातात द्या. मुलीने मागून औषधाचं माप बघावं, तेवढंच. तुम्ही काही बोलू नका. एक अक्षरही नाही. जमेल?"

"न बोलणं?" बायको म्हणाली. "ते तर मला चांगलं जमतं."

दुसऱ्या दिवशी गादी घातली. काका तिच्यासमोर मांडी घालून बसला. बोट धरलं. कानात शिट्टी सुरू झाली. बायकोचे ओठ हलले आणि तिने ते दातांखाली धरले. काकाने दंड आवळले, पोट आवळलं, मांड्या आवळल्या, चेहरा गरम होईपर्यंत धरलं आणि टोचलं. थेंब आला. त्याने तो पट्टीला लावला, डोळे न हटवता. मशीनवर आकडा आला. त्याने तो वाचला, मुलीने माप तपासलं, आणि तिच्या आईच्या पोटाची चिमूट धरून काकाने इंजेक्शन दिलं. मग सुई डब्यात टाकली आणि गादीवरच आडवा झाला, बेशुद्ध होऊन नव्हे, नुसता थकून. अंगातला सदरा पिळून काढण्याइतका ओला झाला होता. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मुलगी स्वयंपाकघरात गेली आणि धुतलेलाच कप परत धूत बसली.

पुढचे दिवस ती मागे उभी राहून बघत राहिली. काका एकदा डगमगला, पण पडला नाही. एकदा पडला, उठला, आणि बायकोने काही न बोलता हात पुढे केला. आकडा काय आला तर काय करायचं, घाम सुटला तर साखरेचं पाणी कुठे ठेवलंय, पोटावर आणि मांडीवर जागा कशी बदलायची, हे मुलीने त्याच्याकडून शाळेतल्या मुलासारखं घोकून घेतलं. मॅडमनी विचारलं, "आता वस्तराही बघायचा का?" काका म्हणाला, "नको. एवढ्यानेच नाकी नऊ आलेत." मॅडम हसल्या. त्यांच्या दारात पुढचा पेशंट उभा होता, कबुतरांना घाबरणारा कुणी टपालवाला. त्यांनी चपलांत पाय घातले आणि त्याला घेऊन गच्चीकडे निघाल्या.

मुलीने फोन केला. शाळेने जागा ठेवली होती. गाडी रात्रीची होती. निघायच्या दिवशी मेहुणा दुकान बंद ठेवून सामान उचलायला आला आणि आपली भाची किती पुस्तकं नेते ह्यावरून कुरकुरत राहिला. मुलगी दारात आईच्या गळ्यात पडली. बापाला म्हणाली, "जमेल ना, बाबा?" काका म्हणाला, "जमेल. तू गाडी चुकवशील." ती गेल्यावर दोघंही बराच वेळ आपापल्या कामात असल्यासारखी घरात वावरत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यांदाच घरात दोघंच होती. मागे कुणी उभं नव्हतं. सिरिंजमधलं माप काकाने उजेडाकडे धरून दोनदा पाहिलं. गादी एव्हाना लागत नव्हती, तो स्टुलावर बसला आणि बायको पलंगाच्या कडेला. बोट झालं, आकडा ठीक होता. त्याने पोटाची जागा पुसली आणि सुई टोचली.

"आई गं," बायको म्हणाली.

काका दचकला. सुई बाहेर आली होती, औषध गेलं होतं, सगळं नेहमीसारखंच झालं होतं. "काय झालं? चुकलं का माझं काही?"

"नाही. बरोबर आहे."

"मग?"

"दुखलं."

"आजच दुखलं?"

तिने पोटावरून हात फिरवला. "रोजच दुखतं की हो. सुई आहे ती."

काकाने सुई डब्यात टाकली. "कधी बोलली नाहीस."

"कुणाला बोलणार? तुम्हाला बोलले असते तर तुम्ही पडला असता. पोरीला बोलले असते तर ती राहिली असती." आणि एवढं बोलून ती रडायला लागली. नाक पुसत, मध्येच खोकत, बऱ्याच वर्षांचं काहीतरी अंगाबाहेर पडावं तशी रडली. काकाच्या मनात आलं, पाणी आणावं, पाठ थोपटावी, होईल सवय म्हणावं. पण ह्यातलं काहीच त्याने केलं नाही. उठलाही नाही.

मग तिने दोन्ही तळवे त्याच्यापुढे उघडले. "हे बघा. हे मधलं बोट, ह्याला आता काही कळतच नाही. ब्लाउजचा हूक लावायचा तर जाणवत नाही. आणि ही करंगळी, हिला नुसतं पाणी लागलं तरी आग होते. भांडी घासताना रडू येतं कधीकधी. उद्या ही नका घेऊ."

"नाही घेत. मग कुठलं घेऊ?"

"अंगठ्याशेजारचं. पण कडेने. मध्ये नको."

काकाने तिचा हात हातात घेऊन खिडकीकडे वळवला. बोटांच्या टोकांना बारीक काळे ठिपके होते, कातडी निबर झाली होती. एवढ्या वर्षांच्या संसारात हे हात त्याने असे पाहिलेच नव्हते. तो एकेक बोट बघत गेला आणि ती सांगत गेली, कुठलं कधीपासून, कुठलं थंडीत जास्त. दुकान उघडायची वेळ झाली, टळली. मेहुण्याचा फोन वाजून वाजून बंद पडला.

"उशीर होतोय तुम्हाला," ती म्हणाली.

"होऊ दे."

"पोटाचं अजून सांगितलंच नाही मी. आणि मांडीचं."

"सांग," तो म्हणाला.